आवाज की खुणा? त्याआधी भाषा

दर वर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी रुग्णालयांत शिबिरे भरतात, श्रवणयंत्रे वाटली जातात, लहान मुलांचे कान वेळेवर तपासून घ्या असे आवाहन होते. २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो. त्या दिवशी कर्णबधिर तरुण-तरुणी एकत्र येऊन आपल्या भाषेला मान्यता मागतात. विषय एकच, पण एका मांडवातले लोक दुसऱ्या मांडवात फारसे दिसत नाहीत. पहिल्या मांडवात बहिरेपण हा दुरुस्त करायचा दोष असतो. दुसऱ्यात ती जगण्याची एक रीत असते आणि तिला स्वतःची भाषा असते. ज्यांच्या घरी कर्णबधिर मूल जन्मले आहे ते आईवडील या दोन मांडवांच्या मधल्या रस्त्यावर उभे असतात. त्यांना प्रश्न विचारला जातो: मुलाला बोलायला शिकवणार की खुणा?

वरवर पाहता ही निवड आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत आईवडील ती करतच नाहीत. निदान कितव्या महिन्यात झाले, यंत्र परवडले का आणि वाचा-उपचाराचे केंद्र घरापासून किती लांब आहे, या तीन गोष्टीच ती परस्पर करून टाकतात. या धावपळीत जी दोन-तीन वर्षे निघून जातात, नेमकी तीच मूल भाषा शिकण्याची वर्षे असतात.

थाळी वाजवून होणारी तपासणी

२०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. खरा आकडा याहून मोठा असणार, कारण मोजणीची रेघ कुठे आखायची यावर तो अवलंबून असतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांची श्रवणक्षमता ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घटली, तरच ते अपंगत्व धरतो. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानातही ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट असेल, तर त्या व्यक्तीला मदतीची गरज आहे असे मानते. आपण घरात बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे ज्याला हे नेहमीचे बोलणे जेमतेम कानावर पडते, असा माणूसही आपल्याकडे कायद्याच्या उंबरठ्यावरच अडकलेला असू शकतो.

कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात आधी कोणी बहिरे नसते, त्यामुळे शंका उशिरा येते. आली तरी वडीलधारी मंडळी धीर देतात: ‘त्याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ मग कोणी तरी मुलाच्या पाठीमागे थाळी वाजवते, मूल वळते आणि सगळे निश्चिंत होतात. पण थाळीचा आवाज मोठा असतो आणि जवळ वाजवली तर तिची थरथरही जाणवते. बऱ्याच कर्णबधिर मुलांना असे मोठे आवाज थोडेफार ऐकू येतात. बोलण्यातले स, श, फ, थ हे बारीक आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. थाळीला वळणारे मूल ‘साप’ आणि ‘ताप’ यांतला फरक ऐकू शकत नसेल, हे घरात कोणाला कळणार?

यावर उपाय सोपा आहे. नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. निरोगी अंतःकर्ण त्याला अगदी क्षीण प्रतिसाद देतो आणि यंत्र तो टिपते. बाळ झोपेत असतानाच, काही मिनिटांत ही ओएई चाचणी होते. शंका आली तर कानाकडून मेंदूकडे जाणारे संदेश मोजणारी बेरा चाचणी करतात. जगभरात यासाठी एक, तीन, सहा हा नियम सांगितला जातो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मात्र प्रत्येक प्रसूतिगृहातून बाळ घरी जाण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे, हा शिरस्ता अजून सगळीकडे पडलेला नाही. बीसीजीची लस टोचल्याशिवाय बाळ घरी गेले तर आपण चौकशी करतो. कानांची तपासणी झाली का, हे क्वचितच विचारतो.

यंत्राची किंमत आणि यंत्रानंतरची

निदानानंतर पहिला प्रश्न पैशांचा. श्रवणयंत्रांवर वस्तू व सेवा कर नाही. तरीही खासगी केंद्रात साध्या डिजिटल यंत्रांची जोडी घ्यायची तर साधारण तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवावी लागते. गोंगाट गाळणाऱ्या, फोनला जोडता येणाऱ्या वरच्या दर्जाच्या जोडीची किंमत दोन-तीन लाखांवर सहज जाते. बहुतेक आरोग्य विमा योजना हा खर्च देत नाहीत. केंद्राच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

ज्या मुलांच्या अंतःकर्णातील पेशी इतक्या निकामी असतात की आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग नाही, त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट हा पर्याय आहे. यात शस्त्रक्रियेने अंतःकर्णात विद्युताग्रांची तार बसवतात. बाहेर कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे विद्युतसंदेश करतो आणि ते थेट श्रवणचेतेला पोचतात. याचा खर्च लाखांत जातो. २०१४ मध्ये एडिप योजनेत सुधारणा झाली आणि एका इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. ही मदत मोलाची आहे. ज्यांच्या घरात एवढे पैसे एकत्र कधी कोणी पाहिलेही नव्हते, अशा कुटुंबांतील मुले तिच्यामुळे ऐकू लागली.

पण यंत्र मिळाले म्हणजे ऐकू आले, असे होत नाही. चष्मा लावला की त्याच क्षणी स्पष्ट दिसते. श्रवणयंत्र तसे चालत नाही. ते आवाज पोचवते, त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला शिकवावे लागते. कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर प्रोसेसर पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्यानंतर वाचा-उपचार असतात, तेही महिनोन्‌महिने आणि कित्येकदा वर्षानुवर्षे. लहान मुलांच्या श्रवणयंत्राला कानाच्या मापाचा साचा लागतो. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिटी मारू लागते आणि काही महिन्यांत नवा साचा करावा लागतो. दोन कानांना मिळून महिन्याला सहा-आठ सेल लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणा यंत्रात शिरतो, विदर्भातल्या उन्हाळ्यात घाम. यंत्राचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे. इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर, त्याची वायर आणि बॅटरी यांचाही खर्च असतो आणि जुना प्रोसेसर बदलायची वेळ आली की पुन्हा लाखांची गोष्ट निघते. केरळने ‘श्रुतितरंगम’ योजनेतून मुलांना मोफत इम्प्लांट दिले. काही वर्षांनी त्याच मुलांचे प्रोसेसर दुरुस्त कोणी करायचे आणि बदलून कोणी द्यायचे, हा तिथे वेगळाच सार्वजनिक प्रश्न होऊन बसला.

आता समजा, जत तालुक्यातल्या एका शेतमजूर कुटुंबाने शिबिरातून यंत्र मिळवले. वाचा-उपचारासाठी सांगलीला जायचे तर ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रवास. आठवड्यातून दोनदा आईला मुलाला घेऊन एसटीने जावे लागेल. तिकिटात सवलत मिळेल, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? दोन महिने ती जाते, मग सोयाबीनची काढणी येते आणि फेऱ्या चुकतात. यंत्राचा सेल संपतो, गावात मिळत नाही. यंत्र डबीत जाते आणि डबी कपाटात. सरकारच्या यादीत त्या मुलाच्या नावापुढे ‘लाभ दिला’ अशी नोंद तेवढी राहते. आपल्या योजना वस्तू मोजतात, त्यामागे लागणारे तास मोजत नाहीत. बोलण्याचा मार्ग निवडलेल्या कुटुंबाला खरी किंमत मोजावी लागते ती या तासांची.

हातवारे नव्हेत, भाषा

अशा ठिकाणी अडकलेल्या पालकांना बऱ्याचदा सल्ला मिळतो की खुणा करू नका, नाही तर मूल आळशी होईल आणि बोलणारच नाही. या सल्ल्याला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. बोलणे श्रेष्ठ आणि खुणा शाळेतून हद्दपार, असा ठराव तिथे झाला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर माणूस औषधापुरताच होता. त्यानंतर जगभर शाळांत मुलांचे हात बांधले गेले, काही ठिकाणी अक्षरशः. याच दशकात मुंबईत देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा सुरू झाली. पुढे आपल्याकडच्या शाळांवरही मौखिक पद्धतीचाच पगडा राहिला. २०१० मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षे मात्र कोणाला परत देता आली नाहीत.

ओठ वाचून सगळे समजते, हाही एक समज आहे. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. ‘काका’ आणि ‘गागा’ यांत ओठांना काही कामच नाही, सगळे घशाजवळ घडते. ज्याला आधी भाषा येते तो संदर्भावरून अंदाज बांधू शकतो. ज्याला भाषाच येत नाही, त्याने अंदाज कशावरून बांधायचा?

सांकेतिक भाषा ही बोललेल्या भाषेची हातांनी केलेली नक्कलही नाही. अमेरिकेत विल्यम स्टोकी या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवून दिले की खुणांनाही शब्दांसारखीच घडण असते. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीचेही नाही आणि हिंदीचेही नाही. मराठीत आपण ‘तू कुठे राहतोस?’ असे विचारतो. तिथे ‘कुठे’ची खूण वाक्याच्या शेवटी येते आणि चेहरा, भुवया व मान हेही त्या प्रश्नाचा भाग असतात. सांकेतिक भाषेच्या घरात वाढणारी बाळे आधी हातांनीच बडबडतात, हे संशोधकांनी नोंदवले आहे. मेंदू या भाषेसाठी मुख्यतः तेच भाग वापरतो जे तो बोलण्यासाठी वापरतो. भाषा कानांतून आली की डोळ्यांतून, याची मेंदूला फारशी फिकीर नसते. वेळेवर आली का, याची मात्र असते.

पुरावा काय सांगतो?

इथे प्रामाणिक राहायला हवे, कारण संशोधन पूर्णपणे एका बाजूचे नाही. २०१७ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील ९७ इम्प्लांट केलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत खुणा वापरल्या गेल्या नाहीत, त्या घरांतली मुले बोलण्यात आणि वाचनात पुढे असल्याचे त्यात दिसले. टीकाकारांनी लगेच लक्ष वेधले की ‘खुणा वापरणारी घरे’ या एकाच खान्यात चार-दोन खुणा करणारे पालक आणि भाषा नीट येणारे पालक एकत्र टाकले होते. त्याआधी, २०१४ मध्ये, कर्णबधिर आईवडिलांच्या घरात सांकेतिक भाषेत वाढलेल्या आणि इम्प्लांटही केलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता. त्यांची इंग्रजी ऐकू येणाऱ्या द्विभाषिक मुलांच्या तोडीची निघाली. पण त्यात मुले पाचच होती. तेव्हा ‘खुणा केल्या तर बोलणे मारले जाते’ असे ठामपणे म्हणता येत नाही आणि ‘खुणांमुळे बोलणे आपोआप सुधारते’ असेही नाही.

एका गोष्टीवर मात्र दुमत उरलेले नाही. पहिल्या काही वर्षांत कोणतीच भाषा पुरेशी न मिळालेल्या मुलाचे नुकसान पुढे भरून निघत नाही. उशिरा पहिली भाषा शिकलेल्या कर्णबधिर व्यक्तींवरचे अभ्यास सांगतात की त्यांना व्याकरण कायमच जड जाते, मग ती भाषा खुणांची असली तरीही. हे नुकसान फक्त बोलण्याचे नसते. ‘उद्या’, ‘कदाचित’, ‘त्याला वाटले म्हणून’ या कल्पना भाषेतूनच मनात उतरतात. गणित, गोष्टी, स्वतःचे दुखणे सांगणे, कोणी त्रास दिला तर तक्रार करणे, हे सगळे त्यावर उभे असते.

धोक्याचा हिशेब यावरून मांडता येतो. मुलाला खुणा शिकवल्या आणि पुढे ते छान बोलू लागले, तर त्याला एक जास्तीची भाषा आली एवढेच. खुणा टाळल्या, यंत्राचा उपयोग झाला नाही किंवा उपचार मध्येच सुटले, तर मूल सहाव्या-सातव्या वर्षी कोणत्याच भाषेशिवाय शाळेच्या दारात उभे राहते. मग त्याला सांकेतिक भाषेकडे पाठवतात, जणू ती नापासांची तुकडी. लवकर निदान, चांगले यंत्र आणि नियमित उपचार यांची खात्री असलेल्या शहरी घराने फक्त बोलण्यावर भर दिला, तर ते समजण्यासारखे आहे. जतच्या घराला तोच सल्ला देणे म्हणजे त्याला विम्याशिवाय घाटात उतरवणे आहे.

मोठ्यांचे कान

वय वाढल्यावर कान जातात त्यांच्याकडे भाषा आधीच असते, पण यंत्राचा तिढा तोच. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यात चष्मा किंवा काठी येते. कानाच्या तपासणीनुसार जुळवलेली यंत्रांची जोडी येत नाही. ऑनलाइन मिळणारी स्वस्त आवाजवर्धक उपकरणे सगळेच आवाज सरसकट वाढवतात. नातवाचे बोलणे आणि मिक्सरचा आवाज एकदमच मोठा होतो, आजोबा वैतागून ते काढून ठेवतात आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ असे गावभर सांगतात.

हे वैतागणे फक्त सोयीचे प्रकरण नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सगळ्या गटाचा एकत्रित विचार केला तर श्रवणोपचारांनी स्मृती व विचारशक्तीची घसरण थांबलेली दिसली नाही. पण ज्यांना घसरणीचा धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. या चाचणीत लोकांना नुसते यंत्र दिले नव्हते. श्रवणतज्ज्ञाने त्यांना अनेक भेटींत ते वापरायला शिकवले होते. इथेही पुन्हा वस्तूबरोबर तास आलेच.

करता येण्याजोगे

पालकांच्या हातात काही गोष्टी आहेत. बाळ घरी आणण्याआधी ओएई चाचणी झाली का, ते विचारा. शंका आली की थाळी बाजूला ठेवा आणि बेरा करून घ्या. यंत्र लावा, उपचार सुरू करा आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी खुणा शिकायला घ्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात मोफत उपलब्ध केला आहे. कोश पाहून भाषा येत नाही, त्यामुळे जमेल तर एखाद्या कर्णबधिर प्रौढाला घरी बोलवा. आपले मूल मोठे होऊन कसे जगेल, हेही त्याच्याकडे पाहून कळते.

सरकारच्या हातात याहून बरेच आहे. कायदा कर्णबधिर विद्यार्थ्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देतो. त्याच कलमात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमायलाही सांगितले आहे. आपण सूट तेवढी मनापासून अमलात आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांकेतिक भाषेतील अभ्यास साहित्याची हमी दिली आणि एनसीईआरटीची पुस्तके त्या भाषेत आणण्याचा करार त्याच वर्षी झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला आहे. त्या विभागाने आणि आरोग्य खात्याने मिळून तीन गोष्टी केल्या तरी चित्र बदलेल. प्रत्येक प्रसूतिगृहात श्रवण चाचणी, वाटलेल्या प्रत्येक यंत्रामागे सेल, साचे, दुरुस्ती आणि तालुक्याच्या ठिकाणी वाचा-उपचार यांसाठी वेगळा निधी, आणि प्रत्येक जिल्हा केंद्रात मुलांशी व पालकांशी खुणांत बोलणारा निदान एक पगारी कर्णबधिर शिक्षक.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. ती आज कुठल्याच यादीत नाही, कारण शिक्षक शिबिरात वाटता येत नाही आणि त्याच्याबरोबर छायाचित्रही फारसे चांगले येत नाही.